टाकाऊ पिस्ता

रात्री पावणेदहाला ज्युनिअर केजीच्या ग्रुपवर संदेश पडतो. ‘डिअर पेरेंट्स, उद्या आपल्या चिमुकल्यांची टाकाऊपासून टिकाऊ ही ॲक्टिव्हिटी आहे. पाल्यासोबत पिस्त्याची २५ टरफलं पाठवावीत. टरफलं स्वच्छ, कोरडी आणि अखंड असावीत. मुलांनी ती स्वतः गोळा केलेली असल्यास उत्तम.’ पुढे फुलपाखरू, इंद्रधनुष्य आणि जोडलेले दोन हात.

पुढच्या तीन मिनिटांत चाळीस घरांतून ‘नोटेड मिस’ असं उत्तर जातं. बहुतेक ठिकाणी ते वडील पाठवतात. या उपक्रमातला वडिलांचा सहभाग इथे संपतो.

आता टाकाऊ म्हणजे काय, हे आधी बघू. कळव्यातल्या घरात टाकाऊ काय निघतं हे सकाळी कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवताना कोणालाही दिसतं. लसणीची सालं, भेंडीचे देठ, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, नारळाची शेंडी, चहाचा गाळ. खाडीकाठचं गाव आहे, त्यामुळे रविवारी कोलंबीची सालं, बुधवारी बोंबलाची डोकी. कोलंबीची सालं २५ काय, अडीचशे मागा. स्वच्छ, अखंड आणि मुलांनी स्वतः गोळा केलेली देतो. पण कोलंबीच्या सालांचा मोर कुठल्याच मिसला नको असतो. मोर पिस्त्याच्याच टरफलांचा होतो. म्हणजे जो पदार्थ आमच्या घरात येतच नाही, त्याचा कचरा आम्ही शाळेत न्यायचा आहे.

पिस्ता आमच्या घरात वर्षातून एकदा येतो. दिवाळीत, ऑफिसातून मिळालेल्या चौकोनी डब्यात, चार कप्प्यांपैकी सर्वांत लहान कप्प्यात. तोही सोललेला. एरवी किलोला हजाराच्या पुढे भाव असलेली ही वस्तू आम्ही कुल्फीवर चुरा करून पाहिली आहे आणि तो चुरासुद्धा बहुधा हिरव्या रंगात घोळलेल्या शेंगदाण्यांचा होता. पिस्ता पिकतो इराणमध्ये, कॅलिफोर्नियात, तुर्कस्तानात; थोडाफार अफगाणिस्तानातून येतो. आंबा, काजू आणि पिस्ता ही एकाच कुळातली झाडं आहेत. त्यातली दोन कोकणात आमच्या परसात उभी आहेत. शाळेला कौतुक परदेशी असलेल्या तिसऱ्याचं. आंब्याच्या कोयी मागितल्या असत्या तर पोती भरून दिल्या असत्या. पण कोयी ज्या महिन्यात घराघरांत पडलेल्या असतात, त्या महिन्यात शाळेला सुट्टी असते.

बरं, हिशेब बघा. एका पिस्त्याला दोन टरफलं. २५ टरफलांसाठी साडेबारा पिस्ते. साडेबारा पिस्ते कोणी विकत नाही, म्हणून तेरा. चाळीस मुलांची हजार टरफलं, म्हणजे एका वर्गासाठी एका रात्रीत पाचशे पिस्ते फुटले पाहिजेत. तुकड्या अ, ब आणि क. पिस्ता निर्यात करणाऱ्या देशांना कळवा पश्चिमेच्या या मागणीची कल्पना आहे का, माहीत नाही. असती तर एखादी बोट आपल्या खाडीत नक्की शिरली असती.

संदेश येतो तेव्हा आई गाडीत असते. ही बाई सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून कारशेडपर्यंत चालत गेलेली असते. संध्याकाळी तिला तोही पर्याय नसतो. जलद गाडी कळव्याला थांबत नाही. म्हणजे एकतर सीएसएमटीपासून सगळी स्टेशनं मोजत धिम्या गाडीने यायचं, नाहीतर ठाण्याला उतरून खाडीवरच्या पुलावर रिक्षात अडकायचं. मुलुंडच्या आसपास रेंज येते आणि टरफलं दिसतात. आता तिच्यापुढे प्रश्न असा की ठाण्याला उतरून सुक्या मेव्याचं दुकान उघडं आहे का बघावं, की सरळ कळव्याला उतरून नाक्यावर नशीब काढावं. पारसिकचा बोगदा खणणाऱ्या इंजिनिअरांनी १९१६ पर्यंत एवढा विचार केला नसेल, तेवढा ही बाई मुलुंड ते ठाणे या दोन स्टेशनांत करते.

मिस असलेला ग्रुप वेगळा आणि मिस नसलेला ग्रुप वेगळा, हे पालकांना सांगायला नको. पहिल्यात ‘नोटेड’ लिहून झाल्यावर दुसऱ्यात तोंडं उघडतात. ‘हे काय नवीन?’ ‘मागच्या आठवड्यात आइस्क्रीमच्या काड्या होत्या, त्यासाठी आम्ही वीस कँडी आणल्या, पोराचा घसा बसला.’ ‘कोणीतरी मिसशी बोला ना.’ कोणीतरी म्हणजे कोण, यावर ग्रुप शांत होतो. त्या शांततेत एक आई विचारते, ‘मिठाचे पिस्ते चालतील की साधे?’ संपलं. बंड मोडलं.

मग इमारतीत शोध सुरू होतो आणि इथून पुढे गोष्ट माझ्या हाताबाहेर जाते. चौथ्या मजल्यावर एक काकू आहेत. त्यांचा मुलगा दुबईला असतो. त्यांच्याकडे पिस्ता येतो, एवढंच नाही तर त्या टरफलं टाकत नाहीत. बरणीत भरून ठेवतात. मोठा नातू याच शाळेतून गेल्यामुळे त्यांना भविष्य ठाऊक आहे. रात्री साडेदहाला त्यांच्या दारात चपलांची रांग लागते. ‘काकू, टरफलं आहेत का हो?’ ‘आहेत की. किती हवीत?’ ‘पंचवीस.’ ‘पंचवीस नाही जमायची गं बाई, तीन वर्गांचं आहे. पंधरा घे. पण मार्चमध्ये मला अंड्यांचे ट्रे लागतील हं.’ अशी ही सावकारी आहे. काकू व्याजाने टरफलं देतात आणि इमारतीत त्यांना जो मान आहे तो सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही. उरलेल्या दहांसाठी मग बाबांना पाठवतात. बाबांना एकच जागा सुचते. स्टेशनजवळच्या परमिट रूममध्ये आयुष्यात पहिल्यांदा एक गृहस्थ आत येऊन काही न मागवता टेबलाखाली वाकून बघतो. वेटर समजूतदार असतो. ‘साहेब, इथे चणाडाळ आणि शेंगदाणे. पिस्ता मागणारं गिऱ्हाईक कळव्यात उतरत नाही, ते जलद गाडीने पुढे जातं.’ बाबा रिकाम्या हाताने परत येतात. पण उशिरा येतात, आणि रिकाम्या हाताने इतका उशीर कसा झाला याचा खुलासा दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतो.

शेवटी स्टेशनरीचं दुकान. शटर अर्धं खाली, पण मालक आत बसलेला. त्याला विचारावं लागत नाही. तो चेहरा बघून ओळखतो. ‘ज्युनिअर ना? टरफलं.’ आणि काउंटरवर पाकीट येतं. पंचवीस नग, स्वच्छ, कोरडी, अखंड, पन्नास रुपये. रंगवलेली हवी असतील तर सत्तर. आतला पिस्ता कोणी खाल्ला, ते तो सांगत नाही. शाळा आणि स्टेशनरीवाला यांचं काही साटंलोटं आहे असं मी म्हणत नाही. कळव्यात कोणीच म्हणत नाही. जी गोष्ट पालकांना रात्री पावणेदहाला कळते, तिची पाकिटं सोमवारपासून बांधून तयार असतात, एवढंच मी म्हणतो.

ज्या घराला पाकीट मिळत नाही, तिथे अकरा वाजता खरे पिस्ते फुटतात. हीच ती टाकाऊपासून टिकाऊची पहिली पायरी: आधी टिकाऊ वस्तू पैसे देऊन आणायची आणि तातडीने टाकाऊ करायची. मूल खारा पिस्ता तोंडात घेऊन थुंकतं. आजोबांना बीपी. आजीला दात नाहीत. मग नोकरदार आईबाप समोरासमोर बसून कामाची वाटणी करावी तसे पिस्ते खातात. त्यात दोन-चार मिटलेले निघतात. पिस्ता पिकला की झाडावरच आपोआप उकलतो, न पिकलेला मिटून राहतो. त्याला दाराच्या फटीत घालून फोडलं तर चुरा होतो आणि तो ‘अखंड’ या अटीत बसत नाही. (बालशिक्षणावर याहून चांगलं भाष्य मला कुठल्या परिपत्रकात सापडलेलं नाही.) मग मीठ जाण्यासाठी टरफलं धुवायची, पुसायची, तव्यावर शेकायची. साडेचार वर्षांचा विद्यार्थी एव्हाना झोपलेला असतो. ते बरंच आहे. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं राज्य शासनाने २०२४ मध्ये काढलेलं फर्मान आहे. पालकांच्या झोपेबद्दल त्यात एक ओळ नाही.

आता थोडं खरं बोलू. शालेय दप्तर धोरण २०२० मध्ये आलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की पूर्वप्राथमिकच्या मुलाला दप्तर नको आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी खेळत शिकावं असं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं तेरावं कलम तर प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा आईबापाची चाचणी घ्यायला बंदी करतं. शाळांनी हे सगळं वाचलेलं आहे, हे मानलंच पाहिजे. गृहपाठाला बंदी आहे ना, मग गृहपाठ मुलाला द्यायचाच नाही, आईला द्यायचा. तिला कुठलं धोरण लागू नाही. चाचणी प्रवेशाच्या वेळी नको ना, मग वर्षभर घ्यायची. पिस्त्याने, आइस्क्रीमच्या काड्यांनी, पिवळ्या दिवशीच्या पिवळ्या डब्याने. कोणाच्या घरी टरफलं असतात आणि कोणाच्या नसतात, हे सकाळी सव्वानऊला चाळीस पोरांच्या देखत टेबलावर मांडलं जातं. मनीषा नगरातल्या फ्लॅटमधलं पोर रंगवलेलं पाकीट आणतं. पूर्वेला पारसिकच्या डोंगरावर चाळीत राहणाऱ्या बाईने पोट मारून त्याच शाळेत घातलेलं पोर शेंगदाण्याची टरफलं आणतं, आणि मिस गोड आवाजात सांगते, ‘बेटा, हे नाही चालणार.’ शेंगा कोणी खाल्ल्या आणि टरफलं कोणी उचलायची, हा वाद मराठी शाळेत जुना आहे. न खाल्लेल्या पिस्त्याची टरफलं आणून द्यायची, हा मात्र आपला नवा शोध.

आणि राग खरा येतो तो इथे, की याच जुन्या ठाणे जिल्ह्यात हे सगळं एकदा बिनपैशात झालेलं आहे. १९४५ साली बोर्डीत, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, दोन बायकांनी गावातल्या आणि आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. परदेशी पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंखशिंपले, पानं, गोटे, माती, आजूबाजूला जे पडलेलं असेल ते साधन. मुलं ते स्वतः उचलून आणत, कारण ते खरोखरच पडलेलं असे. मोजणं त्यावर, रंग ओळखणं त्यावर. २०१४ मध्ये जिल्हा तुटला, बोर्डी आणि कोसबाड पालघरात गेलं. जाताना ती अक्कलही सोबत घेऊन गेलं असावं.

दुसऱ्या दिवशी मोर होतो. चाळीस मोर होतात आणि चाळीसही मोर एकसारखे असतात, कारण ते मिस आणि मावशींनी केलेले असतात. मुलांना ‘फेव्हिकॉलला हात लावू नका’ हे काम दिलेलं असतं. ते त्यांना जमत नाही. दुपारी ग्रुपवर फोटो येतात: ‘अवर लिटल आर्टिस्ट्स’. चाळीस घरांतून अंगठे जातात. पोरगं घरी येतं, त्याला विचारावं, बाळा, आज काय केलं? ‘मला शू लागली होती.’ मोराबद्दल काही नाही. मोर प्रदर्शनासाठी शाळेतच राहतो, आणि प्रदर्शन संपलं की घंटागाडीत जातो. टिकाऊपणाची मुदत साधारण पंधरा दिवस.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हा वाटलं होतं की आता प्रोजेक्टांचा जीव जरा लहान होईल. झालं उलटं. थर्माकोल निदान नाक्यावर मिळायचं.

तेव्हा मिस, तुम्हाला हात जोडून विनंती. टाकाऊच हवं असेल तर चिंचोके मागा, शेंगांची टरफलं मागा, दुधाच्या पिशव्या मागा, जुनी बटणं मागा. मुलाला मोर करू द्या. त्याला तीन पाय आले तर येऊ द्या. आणि काही मागायचंच असेल तर शुक्रवारी मागा, म्हणजे शनिवार-रविवारी पोराला घेऊन गोळा करता येईल. आणि वाचकहो, तुमच्यापैकी कोणाचा मुलगा दुबईला असेल आणि घरात पिस्ता खाल्ला जात असेल, तर टरफलं कृपा करून फेकू नका. वार्षिक दिन जवळ आलाय, आणि सीनिअर केजीचं यंदा शहामृग आहे.