लवूळची वानरं आन् नारळीकरांचा वामन

“काय वं आक्का, कुपाटीला टेकून काय वाचायलाव? कालवण करपंल की.”

“उतरवलंय कवाच. पोरानं आणलंय, नारळीकरांचं. ‘वामन परत न आला’.”

“आभाळातलं सांगायचे त्येच ना? त्यांनी गोष्टीबी लिवल्या?”

“लई. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली गोष्ट धाडली ती नारायण विनायक जगताप नावानं. नाव बगून कुणी बक्षीस द्यायला नगं म्हणून. तरीबी मिळालंच.”

“आन् ह्यो वामन? बळीराजाला पाताळात घातला त्योच?”

“नाव त्येच, पर ह्यो यंत्राचा. जुन्या कुण्या लोकांनी जमिनीत पुरलेली माहिती घावती, तिच्यावरून शास्त्रज्ञ त्याला बनवतेत. आन् त्याला काय पायजे म्हणशील? पैका न्हाई, रान न्हाई. आपल्यासारखाच दुसरा वामन पायजे.”

“म्हंजी लेकरूबाळच की!”

“हितंच फसतो आपण. लेकराची हौस आपली. वामनाच्या डोस्क्यात काय, ते त्यालाच ठावं. लवूळचं इसरलीस व्हय?”

“इसरंल कसं! इथनं माजलगावचं लवूळ कितीसं लांब? २०२१ चा डिसेंबर. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, मंग वानरांनी कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, माळवदावर न्हेली. अडीचशे म्हणं! पार परदेशातल्या पेपरात आलं. सूडच त्यो.”

“अडीचशे मोजली कुणी? आन् नागपूरच्या वनखात्याच्या पथकानं धरली ती दोनच वानरं. फोटूत बगितलंस ना, पिल्लू कसं कवळ्यात धरलंवतं? सूड घेणारा आसं धरतो? वर दूध न्हाई, पाणी न्हाई. कुणी उपाशी मेलं, कुणी घसरून. माया हुती आसंबी म्हणत न्हाई मी, ते आपल्याला काय कळतंय? पर भावकीत आपण बांधावरून डोकी फोडतो, म्हणून वानराच्या गळ्यातबी भावकीच बांधली.”

“आसं कसं? मव्ही म्हस मला बरुबर कळती. मालक धारंला बसले की लाथ, मी बसले की पान्हा.”

“म्हंजी म्हशीला तू कळतीस. तुला म्हस कुठं कळली?”

“आक्का, तुमच्याशी बोलायची सोयच न्हाई बगा. वामनाचं म्होरं काय झालं ते तरी सांगा.”

“वाचून घे की. पर कालवणाचं बोट लावू नगं, गरंथालयाचं हाय.”