आचऱ्याच्या वेशीबाहेर

मालवणात स्थायिक झालेले आणि स्वदेशातल्या भूमापन खात्यात उमेदीची वर्षे घालवलेले एक जर्मन गृहस्थ त्या दिवशी आचऱ्याच्या एस.टी.त माझ्या शेजारी बसले होते. यच्चयावत वस्तूंना हद्द, मुदत आणि दाखला असलाच पाहिजे या श्रद्धेवर त्यांची हयात गेली असल्यामुळे खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे, ते ममतेने पाहत होते. त्या गडग्यांपायी चालणारे दावे मात्र त्यांना उलगडत नव्हते. हात-दोन हात जमिनीसाठी आजोबांनी गुदरलेली फिर्याद नातवाने निष्ठेने पुढे चालवावी, निकाल विरुद्ध गेल्यास वरची अदालत गाठावी, आणि 2025 च्या ऑगस्टात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरास आल्यावर अपिलाची वाट मुंबईहून जवळ झाली म्हणून संतोष मानावा, अशा या कायदेप्रिय मुलखात देवाच्या दरबारी मात्र कौल लावला, की मूर्तीला चिकटवलेल्या एका पाकळीवर फैसला होतो: उजवीकडून सुटली तर होकार, डावीकडून सुटली तर नकार, ना वकीलपत्र, ना तारीख!

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कोणत्याच तिथीला बांधलेली नाही, कौल मिळाल्यावरच तिचा दिवस ठरतो, हे ऐकून त्यांनी चष्मा काढला.

“मग रेल्वे जादा गाड्या कशाच्या आधारे सोडते?”

“देवीच्या हुकमाच्या,” मी म्हणालो. त्यांनी ते वहीत टिपून घेतले.

आम्ही निघालो होतो गावपळण पाहायला. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल झाला, की हिंदू-मुसलमानांसह अवघे आचरे गुरे, कोंबड्या, कुत्री बरोबर घेऊन वेशीबाहेर राहुट्या ठोकते आणि तीन दिवस, तीन रात्री गाव देवाच्या हवाली करते. ज्या दोन भाऊबंदांचा गडग्याचा दावा साहेबांना मुखोद्गत होता, ते दोघे एकाच राहुटीत, एकाच चुलीवरच्या बांगड्याच्या तिखल्यावर ताव मारत आहेत, हे पाहून साहेब वेशीवरच थबकले.

“तुमच्या गडग्याची राखण सध्या कोण करतो?” त्यांनी अदबीने विचारले.

“देव,” दोघेही एकदम उत्तरले.

“तो तुम्हा दोघांनाही मान्य आहे?”

“म्हणजे काय!”

“मग गडगा कुणाचा, तेही त्यालाच का विचारत नाही?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांचे प्रथमच एकमत झाले असावे; कारण थोरल्याने साहेबांच्या पानात आणखी एक बांगडा वाढला आणि धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला, “सायबानू, थंय अपील खंय असता?”