गियरची की बिनगियरची : ओरोसच्या प्रश्नयादीस शेफील्डहून उत्तर

ती. आबांच्या सेवेशी

मोटारीचे इंजिन एकदा चालू झाले की फिरतच राहते, चाकांना मात्र पावलोपावली थांबावे लागते. कसालच्या तिठ्यावर एस.टी. आडवी आली तरी इंजिन आपले मिनिटाला सात-आठशे फेरे मारीतच असते. या दोघांची सोयरीक जुळवणारा आणि वेळ आली की मोडणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. चढावर ताकद घ्यायची की सपाटीवर वेग, हे ठरवतो तो गियर. गियरच्या गाडीत हा कारभार चालकाच्या डाव्या पायाकडे आणि डाव्या हाताकडे असतो; ऑटोमॅटिकमध्ये गाडी तो स्वतः पाहते. यादीतला पहिला प्रश्न, "मगे डाव्या पायान काय करूचा?", येथेच निकालात निघतो. डावा पाय स्वस्थ ठेवायचा. चाळीस वर्षांच्या सवयीने तो क्लच शोधायला जातो, त्याला ब्रेक सापडतो आणि मागे बसलेल्यांची कपाळे पुढच्या आसनावर आपटतात.

नवी गाडी कोणती घ्यावी याविषयीची सदर यादी गेल्या मंगळवारी ओरोसच्या पार्सलातून निघाली. पार्सलात खाजे, कुळथाची पिठी, मालवणी मसाला आणि आगळाची बाटली होती. पैकी बाटली होती हे तिच्या झाकणावरून कळले. आगळ खाजांनी प्यायले, उरलेले यादीने. प्रश्न क्रमांक 3 पूर्ण जांभळा झाला असून त्यातला 'घा' एवढाच शाबूत आहे. तो घाटाविषयी असावा असे धरून पुढे उत्तर दिले आहे. घामाविषयी असल्यास एसी दोन्ही प्रकारांत सारखाच मिळतो. "मी-माझे नको, कचेरीतल्या टिपणीसारखे क्रमाने लिही" ही फोनवरची आज्ञाही पाळली जात आहे. टिपणीत बायको-मुलांची खुशाली कोठे लिहितात हे मात्र आबांनी सांगितले नव्हते.

ऑटोमॅटिक हे एकच प्रकरण नव्हे. सर्वांत जुना चालता प्रकार तेलावरचा. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबील गाड्यांत तो प्रथम बाजारात आणला. आजच्या अशा गाड्यांत इंजिन तेल घुसळते आणि ते फिरते तेल पुढचे चक्र फिरवते. ताक घुसळताना मडके पायांत धरले नाही तर रवीबरोबर मडकेही फिरू लागते, तेच तत्त्व. आईस हे एका वाक्यात समजेल. चिरंजीवास अभियांत्रिकीची चार वर्षे लागली. दुसरा प्रकार पट्ट्याचा. त्यात दोन कप्प्या आपला घेर कमी-जास्त करतात, म्हणून मोजके गियर असे नसतातच. हाच पट्टा आईच्या अ‍ॅक्टिव्हात आहे. म्हणजे "बिनगियरची गाडी आमच्या घरात चलाची नाय" असे जे फोनवर ठणकावून सांगितले गेले, ते ज्या पडवीत बसून सांगितले तिच्याच कोपऱ्यात तशी एक गाडी उभी होती. तिसरा प्रकार दोन क्लचांचा, महाग. त्याकडे जाऊ नये.

चौथा प्रकार आपल्या कामाचा. त्यास एएमटी म्हणतात. भारतात तो 2014 साली मारुतीच्या सेलेरिओने आणला. यात गियरबॉक्स तोच, क्लचही तोच. फक्त क्लच दाबायला आणि गियर टाकायला एक यंत्र रोजंदारीवर ठेवलेले असते. म्हणून किंमत गियरच्या गाडीपेक्षा साधारण पन्नास हजारांनीच वाढते आणि पेट्रोलही जवळपास तेवढेच लागते. दोष असा की गियर बदलताना गाडी क्षणभर विचारात पडते आणि आतले सगळे एकदम मान डोलावतात. भजनी मंडळ नेत असल्यास हरकत नाही.

आता घाट. ओरोसहून कोल्हापूरला मावशीकडे जायचे तर कणकवलीवरून फोंडाघाट चढावा लागतो. चढताना यंत्राला कधी कधी नेमका गियर सुचत नाही, तेव्हा दांडा 'एम'वर ओढून हुकूम आपण द्यायचा. उतरताना तर हे केलेच पाहिजे. 'डी'वर ठेवून नुसत्या ब्रेकवर दाजीपूरहून खाली आल्यास ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. दुसरा गियर पकडून इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. घरच्या गियरच्या ओम्नीत आबा हेच करीत. चढावर गाडी थांबली तर ती अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, आत क्लच जळतो. आंगणेवाडीच्या जत्रेच्या रांगेत हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण समोरचा दोन हात सरकला की आपणही सरकायचे असते. त्या रांगेत गियरच्या गाडीचा क्लच किती वेळा दाबला हे आबांच्या डाव्या गुडघ्याने गेल्या वर्षी आठवडाभर सांगितले होते.

गियरच्या गाडीचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. बॅटरी उतरली तर चार माणसे बोलावून धक्का मारता येतो. ऑटोमॅटिक धक्क्याला दाद देत नाही. पण वाडीत आता धक्का मारायला चार माणसे कोण उरली आहेत, हेही यादी करताना पाहावे. त्यांतला एक शेफील्डला आहे.

(येथे कुकरची चौथी शिट्टी झाली. भात आटोपून पुढे.)

प्रश्न क्रमांक 5, "तुमी थंय खंयची घेतलास?", याचे उत्तर लांबते, कारण त्यात विलायतेचा कायदा येतो. भारतीय परवान्यावर येथे राहायला आलेल्यास बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर एका रात्रीत तो मनुष्य अडाणी ठरतो. आदल्या सायंकाळी ज्याने सुखरूप भाजी आणली, त्यास दुसऱ्या सकाळी गाडीला लाल 'एल' चिकटवावा लागतो. भारतीय परवाना बदलून मिळत नाही, मुळापासून सुरुवात. शिकाऊ परवान्याचे 34 पौंड. लेखी परीक्षेचे 23, त्यात पन्नासपैकी त्रेचाळीस उत्तरे बरोबर यावी लागतात. प्रत्यक्ष परीक्षेचे 62, म्हणजे रुपयांत साडेसहा हजारांच्या वर. आणि नापास झाल्यास ते पुन्हा. आईने फोनवर विचारले, "लायसन गेला म्हंजे नोकरी पण गेली काय रे?" नोकरी शाबूत आहे. ती बसने केली जाते.

परीक्षा गियरच्या गाडीवर दिली तर दोन्ही चालवता येतात. ऑटोमॅटिकवर दिली तर परवान्यावर 78 हा आकडा पडतो आणि जन्मभर ऑटोमॅटिकच, नाहीतर पुन्हा परीक्षा. सूनबाईंनी 78 पत्करला आणि पहिल्या फेरीत पास झाल्या. चिरंजीवाने कोकणी बाण्याने गियर धरला. शेफील्ड सात टेकड्यांवर वसले आहे असे येथले लोक सांगतात; पहिल्या परीक्षेत त्यांतल्या एकीवर गाडी हातभर मागे आली. दुसऱ्या परीक्षेत आरशात पाहिले नाही असा शेरा पडला. पाहिले होते, डोळ्यांनी पाहिले होते. येथे मान वळलेली परीक्षकास दिसावी लागते. बायकोला शेजारी बसवून सराव करावा, तर शेजारच्याचा परवाना तीन वर्षे जुना हवा. सबब घरात ऑटोमॅटिक आली आहे, ती सूनबाई चालवतात, आणि चिरंजीव डावीकडे बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबतात. ही बाब काकीस कळवू नये.

काकीवरून आठवले. मांगरावर झुकलेल्या माडाचा तंटा मिटल्याचे ऐकून बरे वाटले, पण नारळ अर्धे-अर्धे हा तोडगा टिकणार नाही. पडतो तो नारळ वाटणी विचारून पडत नाही. चुलतभावाच्या लग्नाचा मुहूर्त मेमध्ये धरला असेल तर आंबे आणि पाहुणे एकदम येतील. पाहुण्यांच्या यादीत शेफील्डची तीन नावे पेन्सिलीने घातली आहेत असे कळते. ती पेन्सिलीनेच असू द्यावीत. खोडू नयेत.

प्रश्न क्रमांक 7, परवान्याचा. भारतात हलक्या मोटारीचा परवाना एकच. गियरची-बिनगियरची अशी वर्गवारी कायद्याने फक्त दुचाकीस लावली आहे. विलायतेत चारचाकीस लावली. येथून एक मुद्दा निघतो, जो यादीत नाही. आबांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे, दुसरा काढायचा आहे आणि गुडघा वर सांगितलाच आहे. रात्री-अपरात्री कणकवलीला डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर ओरोसच्या त्या घरात गाडी काढणारे दुसरे माणूस हवे. ते माणूस गेली दहा वर्षे अ‍ॅक्टिव्हावरून बाजार आणते आहे. पट्ट्याच्या गाडीवर बसलेल्यास एएमटी अवघड जात नाही. शिकायचे असते ते फक्त रुंदीचा अंदाज आणि मागे घेणे. शिकाऊ परवाना काढावा, तीस दिवस सराव करावा, परीक्षा द्यावी. जिल्ह्याचे आरटीओ ओरोसातच आहे. साडेसहा हजारांच्या आत सर्व काही होते. आईस हे विचारू नये, कारण "माझा काय आता वय आसा?" असे उत्तर येते. थेट अर्ज भरून सही घ्यावी.

म्हणून बिनगियरचीच घ्यावी. घेण्यापूर्वी पाच माणसे बसवून, एसी लावून, चढावर थांबवून पाहावी. दुकानदार सपाट महामार्गावर फिरवून आणतो, तेवढ्यावर भुलू नये. डिकीत दोन मोठ्या बॅगा आडव्या राहतात का, हेही पाहावे. तेवीस-तेवीस किलोच्या.

शेवटचा प्रश्न यादीत आईच्या अक्षरात आहे: ओम्नीतला चिरा काढून टाकू काय? हा चिरा म्हणजे जांभ्याचा तो तुकडा, जो घाटात गाडी थांबली की हातात घेऊन आई उतरत असे आणि मागच्या चाकाखाली सरकवत असे; आबा तोवर पुढे बसून "लाव, लाव" म्हणत. एएमटीच्या बहुतेक स्वस्त गाड्यांत गाडी जखडून ठेवणारा 'पी' हा टप्पा नसतो. उतारावर उभी करताना गियरमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा लागतो आणि हातब्रेक ओढायला आबा विसरतात. चिरा काढू नये. धुऊन नव्या गाडीत ठेवावा.