जगात जर्मनी, झरीत चौथीचा वर्ग

परभणी आणि जर्मनी यांचे संबंध फार जुने आणि पूर्णपणे एकतर्फी आहेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे जिल्ह्यातल्या लेकराच्या कानावर पाढ्यांच्याही आधी पडतं. म्हणीचा उगम सांगणारे जितके भेटतील तितक्या कथा ऐकायला मिळतात आणि प्रत्येक जण आपलीच खरी म्हणून पैज लावायला तयार असतो. जर्मनीला मात्र हे अजून कुणी कळवलेलं नाही. बर्लिनमध्ये कुणी परभणीच्या नावानं छाती फुगवून फिरतोय, असं काही ऐकिवात नाही.

इतकी वर्षं रेंगाळलेलं जर्मनीला कळवण्याचं हे काम आता मोठ्या माणसांकडून काढून घ्यावं आणि प्राथमिक शाळेकडं सोपवावं. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीच्या चौथीतली लेकरं एका बाजूला, जर्मनीतल्या एखाद्या गावाचा चौथीचा वर्ग दुसऱ्या बाजूला, मध्ये एक पडदा. बस.

यात अशक्य काही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हेच केलं. पुस्तकांत क्यूआर कोड आणले, व्हिडिओ कॉलवरून परदेशी वर्गांना सहली घडवल्या आणि ज्या देशांचं आपसात पटत नाही त्यांची मुलं एकमेकांशी जोडून दिली. भारताची पाकिस्तानशी, इस्रायलची पॅलेस्टाइनशी. सहा आठवड्यांचा कार्यक्रम, प्रत्येकाला पलीकडचा एक दोस्त. 3 डिसेंबर 2020 रोजी त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झालं. बक्षीस 10 लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम गुरुजींनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. धुऱ्याच्या वीतभर जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या मुलखात या वाटणीची बातमी बक्षिसापेक्षा जास्त चवीनं चघळली गेली असणार.

आता झरीत असा कॉल ठरला, तर काय होईल याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. आधी फ्लेक्स लागेल. त्यावर जर्मनीतली लेकरं सोडून बाकी सगळ्यांचे फोटो असतील. लेझीम पथक सकाळपासून उन्हात उभं राहील. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मान्यवरांचा सत्कार. पडद्यापलीकडच्या वर्गाला कॅमेऱ्याच्या कृपेनं प्रास्ताविक करणाऱ्यांची हनुवटी आणि वरचा पंखा एवढाच भारत दिसेल. “आमची संस्कृती पाच हजार वर्षांची आहे” या वाक्याला नेमकी रेंज जाईल आणि तोंड उघडं असलेल्या मान्यवरांचं चित्र पडद्यावर गोठून राहील. हे पाहून जर्मन मुलं हसतील. खरं तर देवाणघेवाण तिथं सुरू होईल.

उरल्या पाच मिनिटांत मागच्या रांगेतलं एखादं कार्टं पुढं घुसेल आणि पाठ करून घेतलेला प्रश्न सोडून आपला विचारील, “तुमच्याकडं म्हशी हायत का?”

सर डोळे वटारतील. पण हाच खरा प्रश्न आहे. त्याच्या पाठोपाठ पलीकडून येईल: तुम्ही डब्यात काय आणता? इथं सामना बरोबरीचा नाही. जर्मनीत ब्रेडचे 3,000 हून अधिक प्रकार नोंदवलेले आहेत. झरीत भाकरीचे प्रकार दोन, गरम आणि शिळी. मात्र ज्वारीच्या बाबतीत परभणी कुणाला हार जाणार नाही. इथल्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’ची भाकर घराघरात होते आणि 2018 साली इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेच्या साथीनं आलेल्या ‘परभणी शक्ती’त लोह आणि जस्त जास्त आहे. शिवाय झरीच्या लेकरांना शाळेतच गरम खिचडी मिळते. हे ऐकून तिकडच्या एखाद्या पोराला घरच्या डब्याचा कंटाळा आला, तर त्याला झरीकर जबाबदार नाहीत.

मग निघेल उन्हाचा विषय. जर्मनीत उन्हामुळं मिळणाऱ्या सुटीला ‘हिट्झेफ्राय’ म्हणतात. नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात वर्गातलं तापमान 27 अंशांच्या वर गेलं की मुख्याध्यापक शाळा लवकर सोडू शकतात. सत्तावीस! परभणीत ही डिसेंबरातली दुपार. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा सत्तावीसवर सुटी देणाऱ्या देशाबद्दल इथल्या लेकरांच्या मनात जो आदर दाटून येईल, तो कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या धड्यानं आलेला नाही. हा नियम परभणीला जसाच्या तसा लावला तर वर्षातले शाळेचे दिवस बोटावर मोजावे लागतील. लेकरं ठरावाला सूचक-अनुमोदक होऊन मोकळीही होतील.

साम्यही निघतं, आणि ते गमतीचं असतं. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आपल्याकडंही गावोगावच्या कितीतरी शाळा चौथीलाच संपतात. तिकडं पहिलीत पाऊल टाकणाऱ्या मुलाला खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला भलामोठा कागदी शंकू देतात. एकोणिसाव्या शतकापासूनची ही रीत. त्या दिवसाच्या फोटोत कधीकधी शंकूच दिसतो, मूल त्याच्यामागं शोधावं लागतं. आपल्याकडं जूनमध्ये प्रवेशोत्सव. नव्या लेकरांची सजवलेल्या बैलगाडीतून मिरवणूक, फुगे, गुलाबाचं फूल आणि नवी पुस्तकं. शंकू की बैलगाडी असा कौल घेतला, तर दोन्हीकडची मुलं फितूर होतील. झरीचं पोरगं शंकू मागील, कारण त्यात चॉकलेट आहे. जर्मनीचं पोरगं बैल मागील.

बैल मागणं मनावर घेण्यासारखं आहे. मुलांनी एका देशाकडं प्राणी मागितला आणि तो मिळाला, हे खरोखर घडलंय. दुसऱ्या महायुद्धात टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती गेले. युद्ध संपल्यावर तिथल्या शाळकरी मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली: आम्हाला हत्ती पाहायचाय, पाठवा. मोठ्यांनी मागायचं म्हटलं असतं तर आधी सांस्कृतिक शिष्टमंडळ नेमलं असतं, मग उपसमिती. मुलांनी थेट हत्ती मागितला. 1949 च्या सप्टेंबरात म्हैसूरकडची एक हत्तीण जहाजानं टोकियोत उतरली. नेहरूंनी तिला लेकीचं नाव दिलं होतं, इंदिरा. सोबतच्या पत्रात लिहिलं की ही भारतातल्या मुलांची जपानच्या मुलांना भेट आहे. भारतातल्या मुलांना अर्थातच कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर निम्म्यांनी हत्तीण द्यायला नकार दिला असता आणि उरलेल्यांनी बदल्यात काय मिळेल ते विचारलं असतं. इंदिरा उएनोत 1983 पर्यंत जगली आणि तिला पाहायला आलेली मुलं पुढं आपापली मुलं घेऊन आली.

झरीहून बैल पाठवणं परवडणार नाही, आणि सध्याच्या भावात कुणी देणारही नाही. पण पोळ्याच्या दिवशी शिंगं रंगवलेल्या बैलासमोर फोन धरायला काही पैसे पडत नाहीत.

तेव्हा ज्या गुरुजींना किंवा बाईंना हे करून पाहायचं असेल, त्यांनी वेळ तेवढी नीट ठरवावी. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असते, उन्हाळ्यात साडेतीन. सकाळी 10 ला परिपाठ झाल्या झाल्या कॉल लावाल, तर तिकडं कोंबडं आरवत असेल. दुपारी 2 बरी, म्हणजे तिकडं हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि इकडं खिचडी झालेली. फ्लेक्स छापू नका. प्रास्ताविक करायला उत्सुक असलेल्या मान्यवरांना 4 वाजताची वेळ द्या.