फाईलवाले नाना

आकाशातून गारा येतात आणि युरोपातून चेकलिस्ट येते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षपट्ट्यात या दोहोंच्या मधोमध जो माणूस काखेत फाईल धरून उभा असतो, त्याला नाना म्हणतात. खरं नाव काहीही असो. निर्यात करणाऱ्या प्रत्येक गटात एक नाना असतोच. हुद्दा ‘क्वालिटी मॅनेजर’. स्वतःची बाग दीड एकर, तीही धाकटा भाऊ बघतो. कारण नानांना बागेत जायला सवड नसते. ते बागेच्या नोंदी बघतात.

लिहिलं नाही ते घडलं नाही, हा त्यांचा धर्म. फवारणी केली पण वहीत नाही? मग केलीच नाही. मजुरांनी हात धुतले, नोंद नाही? मग हात घाण. ग्लोबलगॅप प्रमाणपत्राच्या अटींत ‘मेजर’ शंभर टक्के पाळायच्या आणि ‘मायनर’ पंचाण्णव टक्के. पण त्या सुटीच्या पाच टक्क्यांवर नानांचा विश्वास नाही. औषधाच्या खोलीत पावडर वर, पातळ औषधं खाली. दाराशी वाळूची बादली. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून. भाचीची लग्नपत्रिका आली तेव्हा त्यांनी आधी उलटी करून आवृत्ती क्रमांक शोधला, असं त्यांच्या घरचे सांगतात.

आणि मग २६ नोव्हेंबर २०२३ सारखा एखादा रविवार उजाडतो. निफाड तालुक्यात त्या दिवशी गारांनी बागा झोडपल्या, हे नाशिककडच्या माणसाला सांगायला नको. अशा वेळी नानांचा फोन थांबत नाही.

“नाना, सगळं गेलं हो.”

“फोटो काढले का आप्पा?”

“कशाचे?”

“गेल्याचे! लोकेशन चालू ठेवून काढा. आणि औषधाच्या खोलीचं काय?”

“पत्रा उडाला.”

घड गेल्याचं ऐकून न गिळलेला आवंढा नाना आता गिळतात. “पातळ औषधं कुठल्या फळीवर होती?”

ऐकणाऱ्याला संताप येतो, आणि यायलाच हवा. पण त्यांची भीती पोकळ नसते. गार लागलेल्या मण्यात बुरशी शिरते, म्हणून शेतकरी त्याच संध्याकाळी हाताला लागेल ते औषध मारतो. शेजारी सांगेल ते, दुकानदार उधारीवर देईल ते. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या ‘अनेक्श्चर ५’ यादीत ते आहे का, मारल्यावर काढणीला किती दिवस थांबायचं, हे त्या संध्याकाळी कोण बघणार? २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. ते प्रकरण नाना अजून कालच्यासारखं सांगतात. म्हणून गारा वितळायच्या आत ते मोटारसायकल काढतात आणि बांधाबांधावरून ओरडत जातात, “मारा, पण विचारून मारा! आणि लिहा!”

पाठोपाठ तलाठी येतो. काय गेलं ते तलाठी लिहितो, काय उरलं ते नाना. सरकारी मदतीसाठी नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर दिसावं लागतं आणि ऑडिटसाठी नीटनेटकेपणा पंचाण्णवच्या वर. बाग एकच, आठवडाही एकच. नाना दोन्हीकडे तोच फोटो देतात आणि पंचनाम्याची झेरॉक्स फाईलला लावतात. ‘आपत्ती’ असा रकाना कुठल्याच वहीत नव्हता, तो त्यांनी स्वतः पट्टीने आखला.

प्रमाणपत्रांच्या जगाने संकटाचा विचारच केलेला नाही, असं मात्र नाही. आयएएफ या आंतरराष्ट्रीय मंचाने २०११ साली असाधारण प्रसंगांसाठी एक मार्गदर्शक काढला. त्यात युद्ध आहे, संप आहे, दंगल, दहशतवाद, महामारी, पूर, भूकंप, संगणकावरचा हल्लासुद्धा आहे. गारपिटीचं नाव नाही. तिने ‘इतर नैसर्गिक आपत्ती’त बसायचं. नानांना हे लागलंय. “हॅकरला खुर्ची, आणि गारेला सतरंजी?” असं ते प्रत्येक बैठकीत विचारतात.

गटाच्या ऑडिटमध्ये बाहेरचा ऑडिटर शेतकऱ्यांच्या संख्येच्या किमान वर्गमुळाइतक्या बागा बघतो. चौसष्ट शेतकरी असले तर आठ. गारा सगळ्यांवर पडतात, ऑडिट आठांवर. आठांत आपला नंबर लागू नये म्हणून नवस बोलणारेही आहेत. आप्पांचा लागला.

ऑडिटर पोरगेलासा आणि सभ्य होता. त्या मार्गदर्शकातलेच प्रश्न त्याने मराठीत विचारले. “तुमचं कामकाज पूर्ववत कधी सुरू होईल?”

“ऑक्टोबर छाटणीला,” आप्पा म्हणाले.

“मालासाठी पर्यायी जागा?”

“आहे की! मेहुण्याची बाग. त्याच्याकडे गारच पडली नाही.”

नानांनी आप्पांच्या पायावर पाय दिला. मेहुणा गटात नाही, त्याची बाग गटाच्या यादीत नाही. त्याचे घड या गटाच्या नावाने पेटीत गेले तर एकट्या आप्पांचं नव्हे, चौसष्टही जणांचं प्रमाणपत्र धोक्यात. ऑडिटरने पेन उचललं. “सोयरीक म्हणून सांगतायत ते,” नाना घाईने म्हणाले, “माल म्हणून नाही.”

मग बादली. वाळूत पाणी कसं? नानांनी वही उघडली: ‘वाळू ओली. कारण गारा. बदलायची आहे.’

आता खरी गोष्ट. पत्रा उडाला तेव्हा आप्पांची फवारणीची वही भिजली होती. गटातल्या शहाण्यांनी सुचवलं, नवी वही आणा, दोघं जण बसून जुन्या तारखा टाका, एका रात्रीचं काम. अशा कोऱ्या करकरीत वह्या मी पाहिल्या आहेत: सहा महिन्यांच्या नोंदी, एकच शाई, एकच अक्षर, औषधाचा एक डाग नाही. नानांनी ते ऐकून घेतलं नाही. फुगलेली वही पंख्याखाली वाळवली, चिकटलेली पानं सोडवली, वाचता येईना तिथे ‘वाचता येत नाही’ असं तारखेसह लिहून सही केली आणि दुकानाची बिलं शेजारी जोडली. ऑडिटरने पापडासारखी ती वही उलटसुलट पाहिली आणि पुढचा प्रश्न विचारला. उडालेल्या पत्र्याबद्दल त्रुटी निघाली ती निघालीच. ती दूर करायला अठ्ठावीस दिवस मिळाले.

त्याच गटाची पॅकहाऊसची तपासणी तेवढी राहिली होती. पॅकहाऊसमध्ये गुडघाभर चिखल. पण नानांनी गारपिटीच्या दुसऱ्याच दिवशी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला पत्र धाडलं होतं, म्हणून मुदत वाढून मिळाली.

नानांवर हसा, आम्हीही हसतो. पण तुमच्याकडे गार पडली तर फोटो तारखेचे काढा, पंचनाम्याची एक झेरॉक्स जास्त काढा, भिजलेली वही फेकू नका, आणि ऑडिट पुढे ढकलायचं असेल तर प्रमाणपत्राची मुदत संपायच्या आत लेखी कळवा. ती चार महिन्यांपर्यंत वाढू शकते. संपल्यावर मात्र नानांचंही कुणी ऐकत नाही.