पाव फेरा मोकळा

आमच्या जीपचं स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकांना त्याचा पत्ता लागत नसे. आण्णा, म्हणजे माझे वडील, याला दोष मानत नसत. "जीपला आधी कळवायचं, मग वळायचं," असं ते सांगत. आष्ट्याहून मळ्याकडे जाताना डाव्या हाताला आमची पाणंद लागते. तिच्यासाठी आण्णा दोन विजेचे खांब आधीच अर्ज दाखल करत. मध्येच उसाची ट्रॉली आडवी आली, की अर्ज मागे घेऊन पुन्हा नव्यानं.

जीप सीजे ३बी, महिंद्रानं विलीजच्या परवान्यावर बांधलेली, उंच बॉनेटची. आण्णांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी चौथीत होतो. तिनं खत वाहिलं, वऱ्हाड वाहिलं, बाळंतिणी वाहिल्या आणि एकदा एक रेडकूही. रेडकू सोडून सगळ्यांनी तक्रार केली.

पन्नाशीनंतर माझा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, हात फिरवत राहा. म्हटलं, दुसरं करतोय काय! बायकोनं एका वाक्यात निकाल दिला, "अहो, खांदा बदला नाहीतर जीप." मी मधली वाट काढली : स्टेअरिंगचा कॉलम बदलायचा.

आमच्या मिस्त्रीला हे ऐकून फार आनंद झाला. आपल्याच जिल्ह्यात देवराष्ट्र्याला एकानं भंगारातून छोटी जीप बनवली, किक मारून चालू होणारी आणि डावीकडे स्टेअरिंग असलेली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्या महिन्यात ती बोलेरो खरोखरच मिळाली. तेव्हापासून आमचा मिस्त्री कुठलंही काम हाती घेतलं की आधी फोटो काढतो.

"मालक, हिचं चाक ते बॉक्स एकच दांडा हाय," तो जीपखालून म्हणाला. "बॉक्सातला पेचबी त्यालाच. आणि शेंडा कुठं हाय बघा." शेंडा माझ्या बरगड्यांकडे होता. समोरून धडक बसली, तर हा भाला सरळ माझ्यापर्यंत. धडकेत आपोआप दबणारा कॉलम अमेरिकेत नव्या मोटारींना १९६८ पासून सक्तीचा झाला. आमची जीप मात्र त्याआधीच्या विचारांची. वकील मेहुण्यानं फोनवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ऐकवलं. कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येईल तसे फेरफार करता येत नाहीत म्हणे. "आधी आरटीओला विचार," तो म्हणाला. मी विचारून आलो. ती कथा वेगळी आणि बरीच लांब आहे.

भंगारातून एका छोट्या कारचा इलेक्ट्रिक कॉलम आला. यात हाताला मदत करणारी मोटार कॉलमातच असते. इंजिनावर पंप नको की तेलाच्या नळ्या नकोत. जुना दांडा मध्येच कापायचा, लेथवर त्याला दाते पाडायचे आणि दोन क्रॉस, म्हणजे वळते सांधे, घालून नव्या कॉलमाला जोडायचा. वेल्डिंगचं नाव काढल्यावर मिस्त्री कानाला हात लावून म्हणाला, "स्टेअरिंगला डाग नाही. डाग सुटला तर चाक हातात आणि जीप नदीत."

पहिल्या दिवशी स्टेअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं होऊ लागलं. सासरी आलेल्या जावयासारखं, क्षणात खुशीत, क्षणात फुगलेलं. दोन्ही क्रॉसचे चिमटे एका रेषेत बसले नव्हते. एक दाता सरकवला आणि जावई शांत झाला.

एक गोष्ट राहिलीच. या कॉलमाला त्याच्या मूळ कारकडून वेगाची खबर मिळायची. आमच्या जीपला स्वतःच्या वेगाची कल्पना नाही, ती दुसऱ्याला काय कळवणार? मग कॉलमानं ठरवून टाकलं, सगळ्या वेगांना सारखीच मदत. मी एका बोटानं चाक फिरवलं. पाव फेरा गेला आणि चाकं जागच्या जागी! इतका खर्च करून मी मोकळा फेरा फक्त पॉवरवर आणला होता.

मिस्त्री पुन्हा खाली शिरला. पुढच्या बाजूला बेलक्रँक नावाचा एक लोखंडी हात असतो. चालकाची आज्ञा तो दोन्ही चाकांना वाटून देतो. त्याचं बुश झिजून पार चकली झालं होतं. नव्याची किंमत दोन प्लेट भज्यांएवढी.

"हे आधी बघायचं नाही व्हय?"

"तुम्ही कॉलम बदला म्हणालासा," तो म्हणाला आणि झिजलेल्या बुशाचा फोटो काढला.

बुश बदललं. खेळ संपला. केसाएवढं चाक हललं तरी जीप वळू लागली. संध्याकाळी आण्णांना शेजारी बसवून मी ऐटीत मळ्याकडे निघालो. निम्म्या वाटेत ते म्हणाले, "सरक, मला बघू दे." ऐंशी वर्षांच्या माणसाला नाही कोण म्हणणार? रस्ता मोकळा, वेग बैलगाडीचा. पाणंद अजून दोन खांब लांब होती. आण्णांनी नेहमीच्या जागी, नेहमीसारखा, अर्ज दाखल केला.

जीप तत्काळ वळली आणि शेजाऱ्याच्या उसात शिरली. इंजिन बंद पडलं. टपावर पाचट पडलं. आण्णांनी समोरच्या उसाकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग माझ्याकडे.

"हिला इतक्या लगेच ऐकायला कुणी शिकवलं?"