सर्व्हरराव

सोसायटी म्हटली की काही माणसं ठरलेलीच. गच्चीवर जाऊन टाकीत डोकावून पाण्याची पातळी सांगणारे एक, गणपतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब नोटीस बोर्डावर लावणारे एक, आणि त्या हिशेबात अकरा रुपयांची चूक काढणारे एक. अलीकडे पुण्यातल्या सोसायट्यांत यांच्या जोडीला चौथे गृहस्थ येऊन बसले आहेत. घरात चार हार्डडिस्कचा खोका बाळगणारे. त्यांना मी सर्व्हरराव म्हणतो.

सर्व्हररावांचं वय पंचेचाळीसच्या पुढे, नोकरी हिंजवडीत, त्यातली निम्मी घरातूनच. केस विरळ, केबली दाट. नवा फ्लॅट बघायला गेलेला माणूस पार्किंगचं विचारतो, देवघर कोणत्या दिशेला येईल ते बघतो. सर्व्हरराव भिंतीवर टिचकी मारून "इथून माळ्यापर्यंत लॅनची पाइप टाकलीय का?" एवढंच विचारतात. बिल्डरचा माणूस "हो सर, सगळं आहे" म्हणतो. हा प्रश्न त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलेला असतो.

खोका आधी माळ्यावर होता. एप्रिलात तिथे डिस्कचं तापमान पन्नासच्या वर गेलं, तेव्हा तो खाली आला आणि देवघराच्या खालच्या कप्प्यात विराजमान झाला. घरात तेवढी एकच जागा अशी आहे, जिथे कामाच्या मावशी विचारल्याशिवाय ओलं फडकं फिरवत नाहीत. मावशी सकाळी देवाबरोबर खोक्यालाही नमस्कार करतात. वहिनींनी त्यांना सांगून पाहिलं, पण मावशींचं म्हणणं असं की साहेब रोज रात्री त्याच्यासमोर मांडी घालून बसतात, म्हणजे काहीतरी असणारच.

या खोक्यात ठेवायचं काय, हे विचारायचं नसतं. तरी सांगतो. लग्नाची कॅसेट उतरवून घेतलेली एक फाइल, चिरंजीवांची मुंज, आणि कोकणातल्या सहलींचे हजारो फोटो, ज्यांत निम्म्याहून जास्त मुरुडचा एकच सूर्यास्त आहे. शिवाय सही करताना कुणीही न वाचलेली गृहकर्जाची कागदपत्रं. हे सगळं एका टेराबाइटमध्ये मावतं, वर सूर्यास्ताला जागा उरते. पण सर्व्हरराव म्हणतात, "वाढ धरायला नको का?" म्हणून चार टीबीच्या चार डिस्क. त्यासुद्धा एकाच दुकानातून घ्यायच्या नाहीत. एकाच लॉटच्या डिस्क एकाच सुमारास जातात, ही त्यांची पक्की समजूत. म्हणून सकाळी डेक्कन क्वीनने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवर चार दुकानांतून एकेक डिस्क. चारही दुकानदारांनी माल एकाच वितरकाकडून आणला होता, हे त्यांना बिलं लावताना कळलं.

डिस्क आल्या. आता त्या एकत्र बांधायच्या कशा? या बांधणीला रेड म्हणतात. इथे सर्व्हररावांचं खरं आयुष्य सुरू होतं.

संध्याकाळी चहाला बोलावतात आणि जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू पुढे ओढतात. "चार गुणिले चार सोळा. रेड झीरो केलं तर सोळाच्या सोळा टीबी वापरायला, पण एक डिस्क गेली की सगळं गेलं. हे शत्रूलाही सांगायचं नाही. रेड वन म्हणजे चारही डिस्कवर तेच ते. तीन मेल्या तरी चालेल, पण हाती चारच टीबी. रेड फाइव्हमध्ये बारा टीबी, एक डिस्क मेली तर माफ. रेड सिक्समध्ये आठ टीबी, दोन मेल्या तरी माफ. आणि रेड टेन, तेही आठच."

"मग सिक्स आणि टेनमध्ये फरक काय?" आपण शेवटचं बिस्किट उचलता उचलता विचारून जातो. तो बिस्किटाचा दोष.

"वा!" सर्व्हरराव खुर्ची पुढे घेतात. "सिक्समध्ये कोणत्याही दोन मेल्या तरी चालतं. टेनमध्ये दोन मरायच्या तर वेगवेगळ्या जोड्यांतल्या मरायला हव्यात. एकाच जोडीतल्या दोघी गेल्या की संपलं. पण टेन लिहायला वेगवान, आणि दुरुस्तीला सोपं." मरण यावं तर योग्य त्या दोघींना, यावर ते बराच वेळ विचार करत बसतात.

हरवलेला मजकूर परत येतो कसा, हे सांगण्याची त्यांची हातोटी मात्र खरोखर चांगली आहे. सोसायटीत चार घरं. तिघांनी किती वर्गणी दिली ते लिहिलंय, चौथ्याचा आकडा पुसला गेलाय, पण एकूण बेरीज ठाऊक आहे. मग चौथ्याचा आकडा काढता येईल की नाही? रेड फाइव्हमधली पॅरिटी म्हणजे ही बेरीज, फक्त ती शून्य आणि एक यांची असते आणि हातचा घेत नाही. शिवाय बेरजेची चिठ्ठी एकाच डिस्कवर न ठेवता पाळीपाळीने सगळ्यांवर ठेवतात. हे सांगून झाल्यावर ते आवाज खाली आणतात. "पण दोघांचे आकडे एकदम पुसले गेले तर?" चहा निवलेला असतो.

बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये या विषयावर निबंध लिहिला, हे सर्व्हररावांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ आहे. निबंधाचा मुद्दा असा होता की एका अवाढव्य महागड्या डिस्कऐवजी पीसीतल्या स्वस्त डिस्कचा ताफा वापरावा. "स्वस्त," असं वहिनी नुसतं म्हणाल्या आणि लॅमिंग्टन रोडची चार बिलं फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली.

सुरुवातीला सर्व्हरराव कार्डवाले होते. कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेलं, बॅटरी बसवलेलं जुनं रेड कार्ड त्यांनी मोठ्या प्रेमाने आणलं. मग त्यांच्या लक्षात आलं की डिस्क मेली तर कार्ड वाचवेल, पण कार्डच मेलं तर? तसलंच कार्ड पुन्हा शोधा. तेव्हापासून ते सॉफ्टवेअर रेडचे. ऑस्ट्रेलियाच्या नील ब्राउन यांनी लिहिलेलं एमडीअ‍ॅडम हे लिनक्सवरचं अवजार त्यांच्या बोटांत बसलेलं आहे. प्रत्येक डिस्कवर ती कोणत्या संचातली आणि कितवी याची नोंद असते, त्यामुळे डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला कशाही क्रमाने जोडा, संच उभा राहतो. हा प्रयोग ते पाहुण्यांना करून दाखवतात. खोका बंद करतात, केबलींची अदलाबदल करतात, पुन्हा सुरू करतात. पडद्यावर कंसात चार यू उमटतात. प्रत्येक यू म्हणजे एक धडधाकट डिस्क. एखादी गेली की त्या जागी आडवी रेघ येते. पाहुणे "अरे वा" म्हणतात आणि पाच मिनिटांपूर्वी जे दिसत होतं तेच आता दिसतंय, यात अरे वा काय, हे घरी गेल्यावर एकमेकांना विचारतात.

डिस्क मेली तर एमडीअ‍ॅडम इमेल पाठवतं. सर्व्हररावांनी ती सोय बसवली होती. मूळ सेटिंगमध्ये हे पत्र जातं ते त्याच खोक्यातल्या 'रूट' नावाच्या खात्यावर, आणि ते बदलायचं राहून गेलं. एके दिवशी सहज उघडलं तर तिसरी डिस्क गेल्याचं पत्र येऊन पडलेलं. तारीख पाहून त्यांना घाम फुटला. ते अख्खा चातुर्मास आडव्या रेघेवर संसार करत होते.

नवी डिस्क घातली की तिच्यावर मजकूर पुन्हा लिहिला जातो, त्याला चार टीबीला सात-आठ तास तरी लागतात. त्या रात्री सर्व्हरराव खोक्यासमोर बसले. भीती अशी: साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १० च्या १४व्या घाताइतके बिट वाचले की एखादी जागा वाचता न येण्याची शक्यता. म्हणजे साडेबारा टीबी. आणि सर्व्हररावांच्या रेड फाइव्हमध्ये एक मेल्यावर उरलेल्या तिन्ही डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे बारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा पुष्कळ बऱ्या वागतात, हे मी ऐकून होतो. पण रात्री दीड वाजता माणसाला हे सांगण्यात अर्थ नसतो. पुण्यात गुरुवारी वीज जायची, आणि उजाडणारा वार गुरुवारच होता. सर्व्हररावांनी पहाटे यूपीएसची बॅटरी तपासली, इन्व्हर्टरचं पाणी बघितलं आणि वहिनींना मिक्सर लावू नका म्हणून विनवलं. त्या दिवशी घरात चटणीविना इडली झाली.

सगळं निभावलं. चार यू परत आले. आणि पुढच्याच आठवड्यात चिरंजीवांनी गेम ठेवायला जागा हवी म्हणून 'मुंज फायनल २' नावाचं फोल्डर उडवलं. रेडने आपलं काम चोख केलं. फोल्डर चारही डिस्कवरून एकाच क्षणी, अत्यंत इमानदारीने नाहीसं झालं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य सर्व्हररावांनी आजवर अनेकांना ऐकवलेलं होतं. त्या संध्याकाळी ते स्वतः ऐकत बसले. मुंज परत आली ती नाशिकच्या मामाकडून. वहिनींनी तेव्हाच त्याला पेनड्राइव्हवर देऊन ठेवली होती, राखीच्या पाकिटात.

मग झेडएफएस, फाइली ठेवण्याची दुसरी पद्धत. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ साली सुरू झालेलं हे काम, २००५ मध्ये सर्वांना खुलं झालेलं. यात प्रत्येक तुकड्याचा चेकसम असतो, म्हणजे डिस्क मुकाट्याने एखादा बिट बदलून बसली तरी ती चोरी पकडली जाते आणि दुसरी धड प्रत असेल तर दुरुस्तही होते. स्नॅपशॉट असतात, म्हणजे चिरंजीवांपासून संरक्षण. सर्व्हररावांना हे स्वर्गीय वाटलं. मग त्यांनी वाचलं की ईसीसी मेमरी असलेली बरी. मेमरीसाठी मदरबोर्ड, मदरबोर्डसाठी प्रोसेसर. झेडएफएसचा परवाना लिनक्सच्या परवान्याशी जुळत नाही, म्हणून ते कर्नलमध्ये न येता बाहेरून जोडावं लागतं, या गोष्टीवर तर ते वकिली थाटात तासभर बोलतात. आणि त्यात मेख निघाली: रेडझेड या त्याच्या रेडमध्ये पुढे पाचवी डिस्क वाढवायची तर ते जमत नव्हतं. वाढ धरलेल्या माणसाला हे कसं पटावं?

म्हणून बीटीआरएफएस. ते २००७ मध्ये ओरॅकलमध्ये ख्रिस मेसन यांनी सुरू केलेलं. पुढे ओरॅकलने सनच विकत घेतली, तेव्हा दोन्ही मांडवांतली जेवणं एकाच यजमानाची झाली. बीटीआरएफएसचं रेड वन लहानमोठ्या डिस्कही आनंदाने सांभाळतं, पण त्याचं रेड फाइव्ह-सिक्स महत्त्वाच्या मजकुरासाठी वापरू नका, असं त्याच्याच दस्तऐवजात लिहिलेलं. सर्व्हरराव परत एमडीअ‍ॅडमकडे. तिथे बसले असताना जानेवारी २०२५ मध्ये ओपनझेडएफएसची २.३ आवृत्ती आली आणि रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवण्याची सोय झाली. इतकी वर्षं ज्या अडचणीवर भिस्त होती, तीच गेली. दोन दिवस माणूस उदास होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक्सेलच्या तक्त्यात नवा रकाना उघडला आणि चेहरा पुन्हा फुलला.

माझं मत विचाराल तर या माणसाला साठवायचं काहीच नाही. त्याला ठरवायचं आहे. ठरलं तर संध्याकाळी काय करायचं? 'बी' विंगमधल्या एका मुलाने दोन डिस्क घेतल्या आणि कोणतं रेड करू म्हणून भोळेपणाने विचारलं. दोन डिस्क म्हणजे रेड वन, एका वाक्याचं उत्तर. सर्व्हररावांनी त्याला डेटा किती, वाढ किती, लिहिणं जास्त की वाचणं जास्त, विजेची स्थिती कशी, असे प्रश्न विचारत रात्रीचे साडेदहा केले. दुसऱ्या दिवशी त्याने डिस्क परत केल्या आणि फोटो मोबाइल कंपनीच्या क्लाउडवर टाकले. सर्व्हरराव त्याला अजून लिफ्टमध्ये ओळख देत नाहीत.

परवा सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक झाली. बिल्डरने प्रत्येकाकडे करारनामा, इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेटची प्रत मागितली. सर्व्हरराव उभे राहून म्हणाले, "माझ्याकडे सगळं स्कॅन केलेलं आहे, सर्व्हरवर." बैठक संपल्यावर मी त्यांच्या घरीच गेलो. महिन्याचा पहिला रविवार होता. डेबियनवर त्या दिवशी मध्यरात्र उलटली की एमडीअ‍ॅडमच्या संचाची तपासणी आपोआप सुरू होते. खोका घरघरत होता आणि सर्व्हररावांच्या मते अशा वेळी त्याला हात लावणं बरं नव्हे.

वहिनींनी तोवर गोदरेजच्या कपाटातून मूळ कागद काढून टेबलावर ठेवले होते. शेजारी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये झेरॉक्स. "आणि एक संच नाशिकला दादाकडे आहे," त्या म्हणाल्या. "आग लागली, पाणी शिरलं, तर काय करायचं?"

सर्व्हररावांनी झेरॉक्स उचलून ट्यूबलाइटपुढे धरली. "पण ही प्रत मुळाबरहुकूम आहे, हे कशावरून?"

"खाली सत्यप्रत म्हणून शिक्का मारून आणलाय."

"तो तेव्हाचा. त्यानंतर कधी पडताळून पाहिलीस?"

"दर दिवाळीला. माळा आवरताना."

सर्व्हररावांनी चष्मा वर केला. "वर्षातून एकदाच?"